सोसायटीच्या विहिरीला पिवळं पाणी, शेजारी प्लेटिंगच्या जुन्या गाळ्यांची जागा खणलीय

तिसरा_मजला

भांडुप पश्चिमेला आमची ६४ घरांची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. कंपाउंडला लागून डोंगराच्या अंगाला प्लेटिंगचे, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचे, जुने गाळे होते. ते पाडून आता टॉवरच्या बेसमेंटसाठी मोठा खड्डा खणलाय. गणपती गेले आणि आमच्या विहिरीचं पाणी पिवळं व्हायला लागलं. मातकट नाही हो. अगदी नितळ, लिंबू सरबतासारखं, तळ दिसतो. तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं तरी तसंच. बादली उन्हात वाळवली की कडेला हळदीसारखी रेघ उमटते.

प्यायला पालिकेचं पाणी आहे. विहिरीचं संडासाला, जिने धुवायला, बागेला. पण वॉचमनच्या खोलीत अंघोळीलाही तेच जातं आणि त्याची मुलगी दीड वर्षाची आहे. आठ दिवस झाले, तिच्यासाठी मी आमच्याकडून बादली देतेय.

बिल्डरचा माणूस म्हणतो, विहिरीत हिराकस टाकतो, दोन दिवसांत पाणी पांढरं होईल. इकडे खड्ड्यातली माती रोज रात्री ट्रकने चाललीय. हिराकस टाकू द्यावं का? आणि अशी जमीन साफ करायची म्हणजे नक्की काय करतात? कमिटीसमोर मला बोलायचंय, म्हणून नीट समजावून सांगा.

गाळा_नंबर_७

ताई, आधी विहिरीचा पंप बंद करा. वॉचमनच्या खोलीचा नळ तर आजच. हा क्रोमचा रंग आहे, मी झोपेतसुद्धा ओळखेन.

१९८४ ते २००१ अशाच गाळ्यात हार्ड क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमचा जाड थर चढवायच्या, टाकीवर होतो. शिशाचं अस्तर लावलेली टाकी, अर्धी जमिनीत गाडलेली. जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, वर काढला की धुण्याच्या हौदापर्यंत ठिबकत जायचा. संध्याकाळी आम्ही फरशीवर पाणी मारायचो, ते सांध्यांतून खाली मुरायचं. सतरा वर्षं, रोज. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर तांदळाएवढे खड्डे अजून आहेत. नाकाच्या पडद्याला भोक आहे. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगतो.

टाक्या कुठे होत्या ते नकाशात मिळणार नाही, तिथे काम केलेल्यांना विचारा. पुष्कळ जण अजून भांडुप-मुलुंडलाच राहतात. डिग्रीसिंग, म्हणजे जॉबवरचं तेल-ग्रीस काढणं, कुठे व्हायचं तेही विचारा. तिथे ट्रायक्लोर (ट्रायक्लोरोइथिलीन, ग्रीस विरघळवणारं द्रावण) असायचं, वासाने डोकं गरगरायचं.

कातळ_आणि_झरे

भूजलाचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

हिराकस आत्ता टाकू देऊ नका. औषध खोटं नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यामुळे विषारी, पाण्यात विरघळणारं सहा-संयुजी क्रोमियम तीन-संयुजी होतं आणि लोखंडाबरोबर गाळ होऊन खाली बसतं. पण विहिरीत टाकलं तर विहिरीतलं पाणी तेवढं साफ होईल. झरे तेच राहतील, महिन्याभरात पुन्हा पिवळं. मधल्या काळात कोणी नमुना घेतला तर तो स्वच्छ येईल आणि तुमची तक्रार तिथेच बसेल.

म्हणून आधी नमुना. बाटल्या दोन लागतात. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालतात. सहा-संयुजीच्या बाटलीत ते अजिबात घालायचं नाही, क्रोमियमचं रूप बदलतं. ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत तपासायची. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसालाच विहिरीवर बोलवा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. नुसत्या डोळ्यांना पिवळं दिसतंय म्हणजे त्याच्या कितीतरी वर. उकळून हे जात नाही.

आता जमीन. तुमच्याकडे वर भराव, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा काळा कातळ. पाणी ढोबळमानाने डोंगराकडून ठाणे खाडीकडे सरकतं आणि तुम्ही गाळ्यांच्या खाडीकडच्या अंगाला आहात. पावसाळ्यात पातळी वर चढते, भरावातलं क्रोम धुऊन घेते. त्यात तुमचा पंप पाणी ओढतो. खड्ड्यातून उपसा चालू असेल तर तोही ओढतोय. ते उपशाचं पाणी कुठे सोडतात ते बघाच, पावसाळी गटारात जात असेल तर पुढे खाडी आहे.

साफसफाईची सुरुवात टाक्यांखालच्या मातीपासून. ती वेगळी उचलायची, नोंद ठेवायची आणि तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची. रात्री जाणारे ट्रक कुठे रिकामे होतात याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. भराव म्हणून ती माती उद्या दुसऱ्या कोणाच्या घराखाली जाईल.

मुरमात आणि भेगांत उतरलेलं खणून निघत नाही. त्यासाठी बोअर मारून हिराकस किंवा साखर कारखान्याची मळी सोडतात. जिवाणू मळी खातात, प्राणवायू संपतो, क्रोम जागेवर बसतं. पण काकांनी ट्रायक्लोरचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. ते पाण्याच्या जवळपास दीडपट जड, पार कातळाच्या भेगांत जाऊन बसतं. त्यावर बऱ्याचदा परमँगनेट हे ऑक्सिडीकरण करणारं रसायन वापरतात, आणि परमँगनेट बसलेल्या क्रोमला पुन्हा सहा-संयुजी करतं. मळी दोघांनाही चालते, मात्र ट्रायक्लोर अर्धवट तुटलं तर व्हिनाइल क्लोराइड नावाच्या विषारी रसायनावर अडकतं आणि ते मूळच्यापेक्षा वाईट. आधी दोन्हींची तपासणी न करता जो औषध सुचवतो त्याला काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एका पावसाळ्याच्या रिपोर्टवर 'साफ झालं' मानू नका. उपसा थांबला की मुरमात अडकलेलं हळूहळू पुन्हा पाण्यात येतं. तमिळनाडूत रानीपेटला क्रोमेटचा कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षांहून जास्त झाली, तरी तिथला प्रश्न मिटलेला नाही.

२०२५ साली केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणलेत. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची. तेव्हा अर्ज दोन करा: एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला, दुसरा वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना. दोन्हींवर पोच घ्या.

तिसरा_मजला

पंप त्याच रात्री बंद केला. वॉचमनच्या खोलीला टाकीवरून पालिकेच्या पाण्याची लाइन ओढून दिली.

गाळा_नंबर_७ काका रविवारी स्वतः आले. त्यांचा गाळा हा नव्हे, पण इथे काम केलेल्या एका मित्राला सोबत घेऊन आले. त्या काकांनी आमच्या गच्चीवरून बोट दाखवून सांगितलं, हार्ड क्रोम इथे, निकेल तिथे, डिग्रीसिंग भिंतीला लागून. आमच्या विहिरीपासून ती भिंत जेमतेम चाळीस पावलं. मी कागदावर काढून घेतलं, दोघांनी खाली सह्या केल्या. सही करताना काकांचा हात पाहिला. मला काही बोलता आलं नाही.

रिपोर्ट आला. एकूण क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट, आणि जवळजवळ सगळं सहा-संयुजी. ट्रायक्लोरची बाटली वेगळी गेलीय. दोन्ही अर्ज दिले, नकाशा जोडून. ट्रक परवा रात्रीपासून थांबलेत.

एक राहिलं. बागेत त्याच पाण्यावर अळूचा वाफा आणि कढीपत्ता आहे. बायका रोज तोडतात.

कातळ_आणि_झरे

क्रोम बहुतेक मुळांतच राहतं, पानात कमी चढतं. पण अळूचे कंद त्याच मातीत वाढतात आणि पानंही कोणी खाऊ नयेत. वाफा काढून टाका, उपटताना हातमोजे घाला. काढलेलं सगळं गोणीत बांधून बाजूला ठेवा, खतात नको. कढीपत्त्याचं झाड राहू द्या, तोडणं मात्र बंद. त्याच्या बुंध्याजवळची मूठभर माती पुढच्या नमुन्यांबरोबर पाठवा.

तिसरा_मजला

झाडाला पाटी बांधली. अळू उद्या सकाळी काढतो.