तातडीने मदत हवी: बाबांच्या कॉम्प्युटरवर विंडोज नेमकं कोणतं?

चिवडा:
चिपळूणला घरी आलोय, परवा पहाटे निघायचंय. बाबा कॉम्प्युटरवर नेटबँकिंग करतात, तो सुरक्षित आहे का एवढंच बघायचंय. जो तो सांगतो आधी व्हर्जन बघा. कुठे बघायचं? फक्त उत्तर द्या, लेक्चर नको.

बिनसाखरेचा:
मशीन किती जुनं? प्रोसेसर कोणता?

चिवडा:
डेस्कटॉप आहे, काळा. व्हर्जन मिळालं वाटतं. १४३.

बिनसाखरेचा:
अहो, तो क्रोमचा आकडा! कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा आणि आर दाबा. डावीकडे खाली छोटा चौकोन उघडेल. त्यात विनव्हर टाइप करा, डब्ल्यू आय एन व्ही ई आर, सगळं जोडून. एंटर. व्हर्जनची ओळ इथे जशीच्या तशी लिहा.

पेंग्विनवाला:
विंडोज काढून उबुंटू ही दुसरी सिस्टिम टाका, कटकट मिटली. तिच्या २४.०४ आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळतात.

चिवडा:
विंडोज ११च आहे हो. दीड वर्षापूर्वी दुकानदाराने फॉरमॅट मारून टाकून दिलंय, बाराशे रुपये घेतले. खालची चिन्हंही मधोमध आहेत.

शेवंती_७२:
आमच्याकडे पण मधोमध आहेत. भाच्याने डावीकडे करून दिली तर मला काही सापडेना.

कमांडवीर:
चिन्हांवर जाऊ नका. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत व्हर (व्ही ई आर) टाइप करा, १०.० आलं तर विंडोज १०. मी वीस वर्षं असंच बघतोय.

बिनसाखरेचा:
@कमांडवीर, वीस वर्षं चालत असेल, आता नाही चालत. ११वर पण १०.०च येतं. त्याच्या पुढचा बिल्डचा आकडा बघायचा. २२०००पासून पुढे ११.

कमांडवीर:
पुढचा आकडा बघायचा हे मला माहीत आहे. लिहायचं राहिलं.

चिवडा:
भांडण नंतर करा. हे आलंय: विंडोज १०, व्हर्जन १९०९, ओएस बिल्ड १८३६३.४१८. मग ११ कुठे गेलं??

बिनसाखरेचा:
११ नव्हतंच. १०वर ११चा वॉलपेपर लावून चिन्हं मध्ये सरकवून दिलीत. त्याहून वाईट म्हणजे तो शेवटचा ४१८, अपडेट बसले की हा आकडा वाढतो. १९०९ हे २०१९च्या नोव्हेंबरात आलं तेव्हाचाच हा बिल्ड आहे, म्हणजे फॉरमॅट मारल्यापासून एकही अपडेट बसलेला नाही. आणि होम आवृत्ती असेल तर १९०९चा सपोर्ट मे २०२१मध्येच संपला. तुमच्या दुकानदाराने २०२४च्या सुमारास शिळी पेनड्राइव्ह लावली.

पुन्हा तोच चौकोन उघडून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा. यादीत विंडोज अपडेटसमोर स्टार्टअप टाइप काय दिसतं?

चिवडा:
डिसेबल्ड.

पेंग्विनवाला:
म्हणून म्हणतो उबुंटू.

शेवंती_७२:
चांगला अँटिव्हायरस घ्या, मग काही लागत नाही.

बिनसाखरेचा:
ताई, भिंतीला भोक असताना दाराला कुलूप लावून काय होणार? अपडेट नाही म्हणजे सापडलेली भोकं बुजवलेली नाहीत.

@चिवडा, ते डिसेबल्ड बदलून मॅन्युअल करा. सेटिंग्जमधून अपडेट चालू करून २२एच२पर्यंत आणा, १०ची ती शेवटची आवृत्ती. १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. मात्र २२एच२ असल्याशिवाय घेत नाही. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून ठेवा. आणि प्रोसेसर विचारून दोनदा झालं.

चिवडा:
एकदाच विचारलंत. आय३ ६१००.

बिनसाखरेचा:
सहावी पिढी. ११ला इंटेलची आठवी लागते, म्हणजे ११ नाही.

कमांडवीर:
रुफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवली की प्रोसेसरची तपासणी चुकवून ११ बसतं. माझ्याकडे तसंच चालू आहे.

बिनसाखरेचा:
बसतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. बाबा एकटे असतात तिथे हा उद्योग नको. तोवर बँकेचं काम फोनवर.

चिवडा:
डाउनलोड ३४ टक्के. बाबा मागे उभे राहून विचारतायत, दुकानदाराकडे बाराशे परत मागायचे का.

शेवंती_७२:
मागा! पावती आहे का?

सफरचंद:
उशिरा बघितला धागा. सोपं आहे, डावीकडे वरच्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा, पहिल्याच ओळीत सापडेल.