प्रतिसाद : वेगळा तास पुरेसा नाही

भावनिक शिक्षणासाठी, म्हणजे मुलांना आपल्या भावना ओळखायला आणि सांगायला शिकवण्यासाठी, शाळांनी आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, ही सूचना चांगली असली तरी अपुरी आहे. आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले, त्यामुळे मूल शाळेत आले. तिथे त्याला आपलेपणा वाटतो की नाही, हे मात्र मुख्याध्यापकांच्या रोजच्या कारभारावर ठरते. घरी मराठी बोलणारे पहिलीतले मूल गुजराती माध्यमाच्या वर्गात गप्प बसते, तेव्हा त्याला लाजाळू ठरवण्याआधी बाईंनी मराठीतून उत्तर देण्याची मोकळीक द्यावी, कारण राग किंवा भीती सांगायला शब्द सापडले नाहीत की मूल एकतर कोपरा धरते किंवा हात उगारते. किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. मधल्या सुट्टीत कोण एकटे डबा खाते, हे शिक्षकांपेक्षा शाळेतल्या मावशींना (माझ्या मते तरी) अधिक ठाऊक असते. म्हणून वेळापत्रकात नवा तास घालण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत मावशींनाही बोलवावे.