दिवसभर फोनवर बोलण्यासाठी वायरलेस हेडसेट : कोणता घ्यावा आणि बिघडला तर दाद कशी मिळवावी?

कानोसा
नमस्कार मंडळी. मी फोनवरून दुभाषाचं काम करते. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पेशंट आणि मध्ये मी. औषधाचं नाव किंवा मात्रा चुकीची ऐकू गेली तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून हेडसेट माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही.

सध्या कानात घालायचे छोटे वायरलेस इयरबड वापरते. गाणी सुंदर ऐकू येतात, समोरचा माणूसही मला स्पष्ट ऐकू येतो. पण माझा आवाज त्याच्यापर्यंत विहिरीतून आल्यासारखा पोचतो, मधेच तुटतो. कस्टमर केअरला अनेकदा लिहिलं. दरवेळी नवा माणूस, दरवेळी तेच उत्तर : "रीसेट करून पाहा." केलं की दोन दिवसांनी "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेल येतो. काहीही सुटलेलं नसतं.

दोन गोष्टींवर सल्ला हवाय. एक, बोलण्यासाठी खरोखर चांगला हेडसेट कोणत्या प्रकारचा? मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीला चालायला हवा. दुसरं, विक्रीनंतरची सेवा कशी आहे हे घेण्याआधीच कसं ओळखायचं? तुम्ही स्वतः वापरलेलं असेल तर जरूर लिहा.

तांबटपक्षी
त्रास फक्त मोबाइलवर होतो की लॅपटॉपवरही? आणि बोलताना फोन कुठे असतो?

कानोसा
दोन्हीवर. लॅपटॉपवर आवाज जास्त तुटतो. फोन बहुतेक वेळा मागच्या खिशात असतो.

आडवाट
कानोसा, तुमचे इयरबड बिघडलेत असं लगेच धरू नका. गाणं ऐकणं आणि बोलणं ही ब्लूटूथसाठी दोन वेगळी कामं आहेत. गाणं एकाच दिशेने जातं, त्यामुळे त्याला भरपूर जागा मिळते. माइक सुरू झाला की हेडसेट हँड्स-फ्री प्रोफाइलवर (ब्लूटूथच्या बोलण्यासाठीच्या पद्धतीवर) जातो, आवाज दोन्ही दिशांना न्यावा लागतो आणि दर्जा उतरतो. जुन्या पद्धतीत (सीव्हीएसडी) बोलण्याचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने (आवाजाची मोजमापं) घेतले जातात. या प्रोफाइलच्या २०११ च्या आवृत्तीत १६,००० वाली एमएसबीसी पद्धत आली, २०२३ च्या आवृत्तीत ३२,००० ची सोय झाली. पण चांगली पद्धत फोन आणि हेडसेट दोघांनाही यायला हवी. एकाला येत नसेल तर दोघंही खालच्या पायरीवर उतरतात, आणि हे तुम्हाला कुठेही दाखवलं जात नाही.

८,००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही मावत नाही, आणि 'स' किंवा 'फ' यांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्याही वर असतो. औषधांची नावं चुकीची ऐकू जाण्याचं एक मोठं कारण हे आहे. साध्या मोबाइल कॉलचं नेटवर्कही हीच मर्यादा घालतं. व्होएलटीई (४जी नेटवर्कवरून जाणाऱ्या) कॉलवर आवाज सहसा रुंद पट्टीत जातो, म्हणून दोन्हीकडे ते सुरू आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट माइकच्या जागेची. इयरबडचा माइक कानापाशी, तोंडापासून लांब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. तो गोंगाट छाटण्यासाठी आतलं सॉफ्टवेअर काम करतं आणि त्या छाटणीत तुमच्या शब्दांची टोकंही जातात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "नॉइज कॅन्सलेशन" लिहिलेलं असतं ते बहुधा तुमच्या कानासाठी असतं, समोरच्यासाठी नव्हे. बोलण्यासाठी घेताना "माइकचं नॉइज कॅन्सलेशन" वेगळं विचारा.

थोडक्यात, तुमच्या कामाला दांडीचा माइक (बूम) असलेला हेडसेट हवा. माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ, श्वास थेट आदळणार नाही असा. यावर मी तडजोड करणार नाही.

सांजवेळ
अनुमोदन. मी म्हणेन की बसून काम असेल तर सरळ वायरचा यूएसबी हेडसेट घ्या. चार्जिंगची कटकट नाही, जोडणी तुटत नाही. दुभाषाच्या कामाला यापेक्षा भरवशाचं काही नाही.

कानोसा
सांजवेळ, पटतंय, पण बराच वेळ उभं राहून, फिरत बोलावं लागतं. पाठीचं दुखणं आहे. त्यामुळे वायरलेसच.

वेधशाळा
मग आधी दोन फुकटचे उपाय. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि माणसाचं शरीर त्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. फोन मागच्या खिशात आणि हेडसेटचा मुख्य भाग दुसऱ्या बाजूच्या कानात असेल तर मध्ये अख्खं शरीर येतं. फोन छातीच्या खिशात किंवा समोर टेबलावर ठेवा.

लॅपटॉपवर जास्त तुटतं म्हणालात. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब आहे का? यूएसबी ३.० च्या केबल आणि जोडण्या नेमक्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. डिस्क लांब सरकवा. पुढे डाँगलवाला (यूएसबी पोर्टात बसणाऱ्या छोट्या तुकड्यातून जोडला जाणारा) हेडसेट घेतलात तर डाँगल छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लावून त्या पोर्टांपासून दूर ठेवा. वायफाय राउटर जवळ असेल तर लॅपटॉपचं वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या.

घंटानाद
आमच्या विभागात दिवसभर फोन घेतले जातात, तिथे ब्लूटूथ नाही, डेक्ट (घरातल्या कॉर्डलेस फोनचं तंत्र वापरणारे) हेडसेट आहेत. जाब्रा एंगेज आणि पॉलीची सॅव्ही मालिका, दोन्ही वापरलेत. डेक्टची लहर वेगळ्या पट्ट्यात असते, त्यामुळे वायफायशी भांडण नाही. पल्ला ब्लूटूथपेक्षा कितीतरी मोठा, दोन खोल्या ओलांडल्या तरी आवाज शाबूत. टेबलावरचा फोन असेल तर त्याला हेडसेटच्या तळाशी (बेसशी) जोडणाऱ्या ईएचएस केबलने कानावरच्या बटणानेच कॉल घेता येतो. सॅव्हीच्या काही मॉडेलांत बोलता बोलता बॅटरी बदलता येते, हे फार उपयोगाचं.

मर्यादाही सांगतो. हेडसेट एका तळाशी बांधलेला असतो, घराबाहेर नेऊन उपयोग नाही. आणि डेक्टची पट्टी देशागणिक बदलते : युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. दुसऱ्या देशातून कुणाकडून मागवू नका, तो तुमच्याकडे वापरणं नियमबाह्य ठरू शकतं.

पिंपळपार
मी एका हेडसेट कंपनीच्या ग्राहकसेवेत काम केलंय. नाव लिहीत नाही. तिथली आतली रीत कळली तर कानोसा यांच्यासारख्यांचा वेळ वाचेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या फळीतल्या माणसासमोर पायऱ्यांची यादी असते. रीसेट, पुन्हा पेअरिंग, फर्मवेअर (हेडसेटच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, दुसऱ्या फोनवर चाचणी. या पायऱ्या झाल्याची नोंद झाल्याशिवाय तक्रार वरच्या फळीकडे जातच नाही. तो माणूस तुम्हाला टाळत नसतो, त्याला पुढचं बटण उपलब्ध नसतं. तेव्हा पहिल्याच मेलमध्ये सगळ्या पायऱ्या केल्याचं लिहून टाका.

नवी तक्रार पुन्हा पुन्हा उघडू नका. प्रत्येक नवा मेल म्हणजे नवा क्रमांक आणि पुन्हा पहिली पायरी. जुन्याच मेलला उत्तर द्या. "सोडवली" असा मेल आला की त्याच दिवशी "सुटलेली नाही, पुन्हा उघडा" असं कळवा. बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी तक्रार कायमची बंद होते आणि मग पुन्हा उघडता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोष कधी दिसतो ते लिहा. परत आलेला हेडसेट शांत खोलीत टेबलावर तपासला जातो. तिथे तो नीट चालतो आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारून तसाच परत पाठवला जातो. ग्राहक संतापतो, तपासणाराही खोटं बोललेला नसतो. साधारण असं लिहा :

"मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअर आवृत्ती अशी. फोनचं मॉडेल आणि सिस्टिमची आवृत्ती अशी. मला समोरचा स्पष्ट ऐकू येतो. माझा आवाज त्याला तुटक जातो. साध्या कॉलवर आणि इंटरनेट कॉलवर, दोन्हीवर होतं. चालताना वाढतं. हाच हेडसेट दुसऱ्या फोनला जोडला तरी होतं. याच फोनला दुसरा हेडसेट जोडला तर होत नाही. रीसेट, पुन्हा पेअरिंग आणि फर्मवेअर अपडेट झालेलं आहे. पलीकडच्या बाजूचं रेकॉर्डिंग आणि बिल जोडलं आहे. कृपया ही तक्रार दुसऱ्या फळीकडे पाठवावी."

यातलं अदलाबदलीचं वाक्य सगळ्यात वजनदार. दोष हेडसेटचा की फोनचा हे त्यावरून ठरतं, आणि ते वाचल्यावर समोरच्याला हात झटकता येत नाहीत. रेकॉर्डिंग मात्र ज्याचा आवाज आहे त्याच्या परवानगीने, आणि कानोसा, तुमच्या बाबतीत पेशंटचा कॉल अजिबात नाही. मैत्रिणीला फोन लावून तेवढ्यापुरतं करा.

बदली मिळणार असेल तर दोन प्रश्न लेखी विचारा : वस्तू नवी देणार की दुरुस्त केलेली? वॉरंटी जुन्या तारखेपासून मोजणार की नव्या? आणि बिल जपा. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून मुदत मोजतात, त्यात दुकानात पडून राहिलेले महिने तुमच्या खात्यातून जातात.

आडवाट
पिंपळपार, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

मृगजळ
घेण्याआधी सेवा कशी ओळखायची, यावर माझी पद्धत. ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याच कंपनीचं तीन-चार वर्षं जुनं मॉडेल शोधायचं. त्याचं फर्मवेअर शेवटचं कधी आलं? माहितीपुस्तिका अजून उतरवता येते का? गाद्या आणि बॅटरी सुट्या मिळतात का? जी कंपनी जुन्याची काळजी घेत नाही ती उद्या तुमच्या नव्याचीही घेणार नाही. खरेदीआधी सेवाकेंद्राला एक साधा तांत्रिक प्रश्नही मेल करून बघा. विकत घेताना उत्तर येत नसेल तर बिघडल्यावर काय येणार?

कंपन्यांची नावं बदलतात, हेही लक्षात असू द्या. प्लँट्रॉनिक्सने २०१८ मध्ये पॉलीकॉम घेतली, २०१९ मध्ये नाव पॉली झालं, २०२२ मध्ये ती एचपीकडे गेली. जुन्या प्लँट्रॉनिक्सची मदत आता एचपीच्या पानांवर शोधावी लागते. सेनहायझरचे ऑफिसचे हेडसेट २०२० पासून ईपॉस या नावाने येतात. जाब्राने २०२४ मध्ये एलिट इयरबड आणि टॉक हेडसेट या मालिका बंद करायचं जाहीर केलं. ऑफिसचे हेडसेट चालूच आहेत. दुकानात अजून पडून असलेला एखादा जुना तुकडा स्वस्त दिसला तर हे आधी तपासा.

कानोसा
इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. लॅपटॉपशेजारी यूएसबी ३ ची डिस्क होतीच. ती लांब ठेवल्यापासून लॅपटॉपवरचं तुटणं जवळजवळ थांबलं. मोबाइलवर अदलाबदल करून पाहिली : फोन पुढे ठेवूनही, दुसऱ्या फोनवरही तेच. पिंपळपार यांच्या नमुन्याप्रमाणे जुन्याच मेलला उत्तर लिहिलं, आणि या वेळी "रीसेट करा" आलं नाही. माइकची जाळी आणि रेकॉर्डिंग तपासायला घेतलंय.

तरी कामासाठी बूमवालाच घेणार. डेक्ट मोबाइलला गैरसोयीचं, म्हणून डाँगलसह येणारा ब्लूटूथ हेडसेट पाहतेय. एका कानाचा घ्यावा की दोन कानांचा?

घंटानाद
दोन कानांचा. एका कानाने ऐकताना नकळत आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि तुमचं काम त्या तासांच्या जवळ जाणारं आहे. 'साइडटोन' आहे का तेही पाहा, म्हणजे स्वतःचा आवाज कानात थोडा परत येतो. तो नसेल तर माणूस ओरडून बोलायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो.

वेधशाळा
मल्टिपॉइंट असलेला घ्या, म्हणजे मोबाइल आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडलेले राहतील. त्याचा एक त्रास असतो : लॅपटॉपवर एखादी सूचना वाजली की काही हेडसेट कॉल सोडून तिकडे धावतात. लॅपटॉपचे सूचनांचे आवाज बंद करून ठेवा.

तांबटपक्षी
बॅटरी बदलता येणारा मिळाला तर उत्तमच. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी काही अपवाद वगळता वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागणार आहे, त्यामुळे पुढच्या मॉडेलांत फरक पडेल अशी आशा आहे. तोवर, हेडसेट बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धा चार्ज ठेवून बाजूला ठेवा. पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला ठेवू नका.

रानपाखरू
माझा प्रश्न इथेच विचारते. माझ्या हेडसेटच्या एका बाजूचं प्लॅस्टिक फुगून शिवण उघडलीय. वॉरंटी शिल्लक आहे. सेवाकेंद्र म्हणतं पार्सल करा. करू का?

पिंपळपार
नका करू. ती फुगलेली लिथियम बॅटरी आहे. चार्जिंग आजपासून बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला बंदी आहे आणि पार्सल कोणत्या वाटेने जाईल ते तुमच्या हातात नसतं. फोटो काढा, सीरियल नंबर दिसेल असा, आणि "बॅटरी फुगली आहे" हेच शब्द मेलमध्ये लिहा. हे शब्द आले की बहुतेक कंपन्यांत तक्रार सुरक्षा विभागाकडे जाते. तिथून लेखी सूचना येईपर्यंत तो हलवू नका. फोटोवर बदली मिळाली तर जुना ई-कचरा केंद्रात नेऊन द्या आणि फुगलाय हे त्यांना आधी सांगा.