हेलियम सूर्यावर सापडला म्हणतात, मग प्रयोग कुठे झाला?

सायन्सच्या बाई
मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. परवा नववीला वैज्ञानिक पद्धत घेत होते. फळ्यावर नेहमीच्या पायऱ्या लिहिल्या: निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला असं आमच्याकडे सांगतात, त्यामुळे 18 ऑगस्टचा तिथला हेलियम दिन मुलांना माहीत असतो, म्हणून उदाहरण हेलियमचं दिलं. एका मुलीने विचारलं, "बाई, सूर्यावर कोणी गेलं नाही, सूर्याचा तुकडा कोणी आणला नाही. मग तिसरी पायरी कुठे गेली?" वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यावरून कळतं, एवढं सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. जाणकारांनी नीट सांगावं.

ठिणगीवाला
बाई, पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय. मी शिरोलीला एका फौंड्रीत स्पेक्ट्रो लॅब सांभाळतो. भट्टीतल्या रसाचा नमुना ओतून येतो, तो घासून मशीनवर ठेवायचा, ठिणगी पाडायची, की मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते पडद्यावर येतं. तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश देतं, वर्णपटात त्या सुट्ट्या रेषा म्हणून दिसतात, त्यावर हे सगळं चालतं. पण शिफ्टला आल्यावर आधी घटक माहीत असलेला स्टँडर्ड तुकडा लावतो. तो बरोबर आला तरच पुढचे आकडे भट्टीवर कळवतो. 1868 साली हेलियमचा असा स्टँडर्डच कुणाकडे नव्हता. सगळी गोम तिथे आहे.

त्या 18 ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दिसल्याही. त्या ग्रहणात निरीक्षकांना जी पिवळी रेषा दिसली ती बहुतेकांनी सोडियमची धरली. 20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय तीच रेषा पकडली आणि तिची जागा सोडियमशी ताडून पाहिली. सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला, ही 587.6 ला. म्हणजे सोडियम नाही. मग काय? फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी हायड्रोजनवर प्रयोग केले, ती रेषा काही मिळेना. तेव्हा नवं मूलद्रव्य असावं म्हणून हेलियम नाव पडलं. पण पुढची 27 वर्षं पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं नाही.

आता माझं ठाम मत सांगतो. त्यांनी मनावर घेतलं नाही ते योग्यच केलं. कारण अगदी हाच तर्क आणखी दोनदा लावला गेला. 1864 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्स यांना एका तेजोमेघात (अवकाशातल्या वायूच्या ढगात) अनोळखी हिरव्या रेषा दिसल्या, त्यावरून 'नेब्युलियम' हे मूलद्रव्य मानलं गेलं. 1869 च्या ग्रहणात सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात 530.3 ला हिरवी रेषा सापडली, तिच्यावरून पुढे 'कोरोनियम' आलं. दोन्ही मूलद्रव्यं अस्तित्वातच नाहीत! नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवलं. कोरोनियम म्हणजे लोखंड, तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेलं. ते ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून 1940 च्या सुमारास उलगडलं. ज्या लोखंडाचे वर्णपट मी दिवसभर बघतो त्याचीच ती रेषा, पण माझ्या मशीनवर ती जन्मात दिसणार नाही, तिला दहा लाख अंशांच्या वर तापमान लागतं.

तिन्ही वेळा निरीक्षण चोख, तर्क तोच. एकदा खरा ठरला, दोनदा नाही. 1870 मध्ये नुसत्या तर्काने कुणालाही यातलं खरं कोणतं ते सांगता आलं नसतं.

तुमच्या विद्यार्थिनीची तिसरी पायरी 1895 मध्ये लंडनला झाली. रसायनशास्त्रज्ञ रॅमझे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून निघणारा वायू तपासला. त्यांना त्यात आर्गॉन हवा होता (आमच्या स्पार्कला लागतो तोच), मिळाली ती पिवळी रेषा. क्रुक्स यांनी मोजली, सूर्यावरच्या रेषेशी जुळली. उप्सालातही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा वायू मिळाला.

मला सगळ्यात भिडतं ते यापुढचं. जर्मनीत रुंगे यांनी बारकाईने पाहिलं तर या वायूची रेषा जोडरेषा निघाली, एक ठळक आणि तिला अगदी चिकटून एक फिकी. सूर्यावरची रेषा तोवर एकेरीच समजत होते. ती खरोखर एकेरी असती तर हा वायू हेलियम नव्हे, असं म्हणावं लागलं असतं. जुळलेला आकडा हातात असताना लोकांनी तो प्रश्न झाकून ठेवला नाही. अमेरिकेत हेल यांनी, इंग्लंडमध्ये हगिन्स यांनी सूर्याकडे पुन्हा यंत्र लावलं. तिथेही जोडरेषाच.

विजयदुर्गकर
माहिती छान, पण मग लॉकियर साहेब त्या ग्रहणाला आमच्या किल्ल्यावर आले होते आणि हेलियम इथूनच सापडला, त्याचं काय? ज्यांवरून त्यांनी ग्रहण पाहिलं म्हणतात ते साहेबाचे कट्टे आजही आहेत. आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

ठिणगीवाला
दादा, ग्रहणाचा पट्टा तुमच्याच भागातून गेला होता, पुढे जमखंडीला जॉन हर्शेल निरीक्षणाला बसले होते. त्यामुळे किल्ल्यावरून कुणी ग्रहण पाहिलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पण लॉकियर यांचं हेलियमचं काम इंग्लंडमधलं, ऑक्टोबरातलं. ते भारतात आले ते डिसेंबर 1871 च्या ग्रहणाला, आणि त्यांनी निरीक्षण केलं ते केरळातल्या बेकल किल्ल्यावरून. विजयदुर्गचा दावा सिद्ध करायचा तर त्या काळातलं पत्र किंवा नोंदवही पुढे यायला हवी. मिळाली तर मी पहिला आनंदाने मान्य करीन. गावात जुनी दप्तरं असतील तर जरूर शोधा.

सायन्सच्या बाई
मनापासून आभार. हे सगळं सांगण्याआधी मुलांना काही हाताने करून दाखवता येईल का? शाळेत स्पेक्ट्रोस्कोप नाही.

ठिणगीवाला
जुनी सीडी चालेल. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडा, समोर सीडी तिरकी बसवा, वरून बघायला भोक ठेवा. आधी तारेचा जुना पिवळा बल्ब दाखवा, सलग पट्टा दिसेल. मग सीएफएल, त्यात सुट्ट्या रेषा येतील. मग खोलीत अंधार करून स्पिरिटच्या दिव्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेली काडी तुम्ही स्वतः धरा, सोडियमची पिवळी रेषा उठून दिसेल. मात्र प्रत्येक वेळी बघण्याआधी काय दिसेल ते मुलांकडून वहीत लिहून घ्या, आणि नंतर खोडू देऊ नका. सोडियमच्या दोन रेषा सीडीने सुट्या होत नाहीत. तेही सांगा, म्हणजे 1868 मध्ये इतक्या जणांना सोडियम का वाटला ते मुलांना आपोआप कळेल.