मदत हवी आहे: 'व्हील ऑफ टाइम'च्या दहाव्या खंडात रुतलोय, पुढं जाऊ की सोडून देऊ?

मंडळी,

रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' शेवटपर्यंत वाचलेलं कुणी आहे का इथं? चौदा खंडांची फँटसी कादंबऱ्यांची मालिका आहे. मी दहाव्यात, म्हणजे 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'मध्ये अडकलोय आणि आता पुस्तक उघडायचाच कंटाळा यायला लागलाय. अकरावा घरात आहे. त्यापुढचे तीन विकत घ्यायचेत आणि ते काही स्वस्त नाहीत, म्हणून पैसे घालायच्या आधी विचारतोय. (खाली नवव्या खंडापर्यंतचे रहस्यभेद आहेत. ज्यांनी नुकतंच वाचायला घेतलंय त्यांनी इथूनच मागं फिरावं.)

मी गोकुळ शिरगावला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. वाचन होतं ते जेवणाच्या सुट्टीत, पुस्तक डब्याला टेकवून. पहिल्या पाच-सहा खंडांच्या कडांवर माझ्या अंगठ्याचे तेलकट डाग आहेत, खुणेला जुनी जॉब कार्डं. सहाव्याच्या शेवटची ड्युमाईज वेल्सची लढाई वाचताना सुट्टी संपल्याची बेल झालेली कळली नव्हती. दहाव्याची पानं मात्र अजून कोरी करकरीत आहेत, यावरूनच काय ते समजा.

जाड पुस्तकाचं मला वावडं नाही, आणि एकच गोष्ट चार तोंडांनी सांगितली म्हणूनही तक्रार नाही. आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 1967 साली 'मृत्युंजय'मध्ये तेच केलंय. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. पण तिथं बोलणारा बदलला की गोष्ट पुढं सरकते. कुंतीचं ऐकून झालं की कर्णाकडं बघायची नजरच बदलते.

इथं काय होतं? नवव्याच्या शेवटी नायक रँड आणि त्याच्या गावची नायनीव्ह मिळून पुरुषांच्या जादूच्या शक्तीला लागलेला विटाळ धुऊन काढतात. अख्ख्या मालिकेतली ही केवढी मोठी घटना! ज्या विटाळानं हजारो वर्षं शक्ती वापरणारे पुरुष वेडे होत आले, तो गेला. मग दहावा खंड उघडतो आणि बराच काळ पुन्हा त्याच दिवसात फिरत बसतो. एकेक पात्र आपापल्या गावात, तंबूत, राजवाड्यात काहीतरी करत असतं. त्याला जाणवतं, की लांब कुठंतरी कुणीतरी प्रचंड शक्ती वापरतंय. ते दचकतं, त्या दिशेला मान वळवतं आणि परत आपल्या कामाला लागतं. पुढचं पात्रही दचकतं. अहो, आम्हाला माहीत आहे तिकडं काय चाललंय, आम्ही आत्ताच बघून आलो! रँड स्वतः तर या खंडात जवळजवळ नाहीच.

खासबागेत कुस्त्या बघणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. दोन्ही पैलवान तगडे, हातात हात, कपाळाला कपाळ, आणि नुसती खडाखडी. आधी लोक गप्प असतात, अंदाज घेतायत म्हणून. मग मागून कुणीतरी ओरडतं, "आरं, धर की आता!" मला कॅन्टीनमध्ये तसं ओरडावंसं वाटतं. शेजारी बसणारा आमचा ऑपरेटर रोज विचारतो, "काय भावा, पेरिनची बायको घावली काय?" नाही घावली. रँडच्या या गावमित्राची बायको आठव्याच्या शेवटी पळवलीय, अजून शोधतोयच.

आणि रँडचा दुसरा गावमित्र मॅट! सातव्याच्या शेवटी त्याच्या अंगावर भिंत कोसळते, आठव्यात गडी अख्खा गायब. मला निदान पुढचं पुस्तक लगेच हाताशी होतं. ज्यांनी हे निघतील तसे वाचले त्यांच्यासाठी भिंत पडली 1996 ला आणि मॅट परत दिसला 2000 साली. त्या लोकांच्या सहनशक्तीला दंडवत.

बाकी, वेणी ओढणं, झगे सारखे करणं, प्रत्येक बाईच्या बाहीवरची लेस, हे सगळं मी हसून सोडून देत होतो. आता हसू येत नाही. त्यातही सगळ्यात जास्त चीड येते ती एका गोष्टीची, ही माणसं एकमेकांना काही सांगतच नाहीत. एकदा सगळ्यांना एका खोलीत बसवून चहा पाजला असता तर दोन खंड वाचले असते.

सोडवतही नाही, हीच अडचण आहे. तो एमंड्स फील्डचा, म्हणजे रँडच्या गावचा, गोतावळा आता ओळखीचा झालाय. तर सांगा, दहावा गाळून थेट अकरावा घेतला तर काही कळायचं राहील का? आणि शेवटचे तीन खंड जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सँडरसननं लिहिलेत, ते एकाच हातचे वाटतात की ठिगळ दिसतं? शेवट नेमका काय होतो ते कृपया सांगू नका.

प्रतिसाद: मिरजकर

दहावा सोडा. +१०००. मीही असाच रुतलो होतो.
वाचायचं नसेल तर त्यावर निघालेली सीरियल बघा म्हणणार होतो, पण 2021 ला आली आणि तीन सीझन करून 2025 मध्ये तिचाही गाशा गुंडाळला. तेव्हा पुस्तकच बरं.

प्रतिसाद: पंचगंगाकाठची

दादा, अख्खा खंड गाळू नका. रँडच्या गावच्या एग्वेनची प्रकरणं वाचा, विशेषतः शेवटाकडची. तिथं एक गोष्ट घडते, जिच्यावर पुढचं बरंच उभं आहे. मॅट फिरत्या सर्कशीबरोबर जातो तो भागही वाचा, त्यात मजा आहे. पेरिनचं आणि इलेनच्या राजवाड्यातलं मात्र नेटवरचा प्रकरणवार सारांश वाचून संपवा. इलेनच्या आंघोळीची वर्णनं चुकली तर तुमचं काही नुकसान होत नाही.

अकरावा, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', 2005 चा. जॉर्डननं स्वतः पुरा केलेला मालिकेतला शेवटचा खंड. तुम्ही जे "धर की" म्हणताय ना, ते यात होतं. पेरिनचा गुंता सुटतो, इलेनच्या गादीचाही निकाल लागतो. हा घरात आहे म्हणता, मग थांबलात कशाला? आधी तो वाचा, पैशांचं नंतर बघा.

प्रतिसाद: जुना वाचक

मी जरा वेगळं सांगतो. मी दहावा पुन्हा वाचला तेव्हा तो इतका वाईट वाटला नाही. पहिल्यांदा आपण 'पुढं काय' म्हणून वाचतो, आणि त्या भुकेला तो खंड काहीच देत नाही. पण मोठी घटना घडून गेल्यावर जग कसं चाचपडतं, कुणाला काय कळतं आणि काय चुकीचं कळतं, हे दाखवायचा तो डाव होता. डाव बसला नाही, हे मान्य.

सँडरसनबद्दल. जॉर्डन 2007 च्या सप्टेंबरात गेला, हृदयाच्या दुर्मीळ आजारानं. आजारपणात त्यानं पुढच्या कथेची टिपणं करून ठेवली, काही भाग सांगून लिहवून घेतले. हॅरिएट मॅकडूगल ही त्याची बायको आणि संपादकही, तिनं सँडरसनला निवडलं. ठरला होता एकच खंड, झाले तीन: 2009, 2010 आणि जानेवारी 2013.

ठिगळ दिसतं का? दिसतं. वाक्यं आखूड होतात, विनोदाची जात बदलते आणि मॅट तर पहिल्या खेपेला दुसराच कुणीतरी वाटतो. पुढच्या खंडांत सावरतो. पण वेग असा येतो की तुम्हाला परत सुट्टीची बेल ऐकू येणार नाही. चौदाव्यात 'द लास्ट बॅटल' नावाचं एकच प्रकरण आहे, दोनशेच्या आसपास पानांचं. ते सुट्टीच्या दिवशी घ्या, कामावर नको.

प्रतिसाद: मिरजकर

@पंचगंगाकाठची, ती आंघोळ मी सारांशातही गाळली होती. :)

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पंचगंगाकाठचीताई, तुम्ही म्हणता तसं एग्वेन आणि मॅट वाचतो, बाकी सारांश. काल दुपारी मॅटचं एक प्रकरण झालंसुद्धा. तो आणि ती ट्युऑन एकत्र असले की जॉर्डन परत जुना जॉर्डन होतो, हे खरं आहे.

जुने वाचक, तुमचा डावाचा मुद्दा पटला, पण डाव टाकणाऱ्यानं आमचे सातशेच्या आसपास पानं भरतील एवढे हाल करायला नको होते. असो. अकरावा झाल्याशिवाय बारावा घेणार नाही.

ता. क. बारावा-तेरावा वापरलेले कुणाला विकायचे असतील तर सांगा. कडांवर डाग असले तरी चालतील.

प्रतिसाद: जुना वाचक

विकत कशाला घेताय? माझे घेऊन जा, मी राजारामपुरीतच असतो. फक्त तेराव्याची बाइंडिंग सुटलीय, डब्याला टेकवू नका.

धागाकर्ता

वा! व्यक्तिगत निरोप केलाय. या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळी आलो तर चालेल का?