वणव्यानंतर लाकडी कुंपणावर बंदी हवी का?

कौलारू
वणवा वेशीपर्यंत येऊन गेला आणि सोसायटीनं कुंपणाचा नियम बदलायला काढलाय. जुना नियम: सगळ्यांचं एकसारखं लाकडी कुंपण, दुसरं लावलं तर दंड. नवा मसुदा: घराच्या भिंतीपासून 5 फुटांत कुंपण धातूचं, दगडाचं किंवा विटांचंच हवं; पुढे लाकूड चालेल. माझा पाठिंबा आहे. वणव्यात पुष्कळ घरं ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारा कुंपणाच्या बुडाशी साचलेल्या पाचोळ्यात पडतो, फळी धरते आणि मग ती वातीसारखी घराकडे जळत येते.

उंबरठा
विरोध. घाबरून केलेले नियम पुढची वीस वर्षं निस्तरावे लागतात. निखारा छपराखालच्या झरोक्यातून माळ्यावर गेला, तर तुमचं लोखंडी कुंपण काय करणार? आधी झरोक्यांना बारीक जाळी लावा, पन्हळीतला पाला काढा. ते स्वस्तातलं काम. कुंपणाचा खर्च मात्र घरमालकाच्या बोडक्यावर.

कौलारू
जाळी लावाच, कोण नको म्हणतंय? पण अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातला मार्शल वणवा आठवा. 30 डिसेंबर 2021, हाडं गोठवणाऱ्या महिन्यात. आग वाळक्या गवतातून सुसाट्याच्या वाऱ्यावर लुईसव्हिल आणि सुपीरियर या गावांत घुसली, एका दिवसात हजारावर घरं गेली. दाट जंगल नव्हतंच तिथं, पुढे घरावरून घर पेटत गेलं. त्या राज्यानं 2024 मध्ये कायदाच केला: आगीला दाद न देणारं कुंपण लावायला सोसायटी मनाई करू शकत नाही. आपली सोसायटी तर लाकडाचीच सक्ती करत होती!

परसदार
दोघंही एक गोष्ट विसरताय. आमच्या मागच्या बाजूला आमचं कुंपण आणि शेजाऱ्यांचं, मध्ये वीतभर फट. तिथं झाडू जात नाही, पाला कुजतोय. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक-संशोधन संस्थेनं कुंपणं जाळून चाचण्या केल्या, 2022 मध्ये अहवाल दिला. अशी पाठीला पाठ लावलेली जोडकुंपणं फार वाईट, दोन्ही फळ्या एकमेकींना तापवतात. झाडांच्या बुडाशी पसरलेला सालींचा थर त्यात भर घालतो. मसुद्यात जोडकुंपणाबद्दल अवाक्षर नाही. आणि हो, लाकडाऐवजी प्लास्टिक लावायला निघालेल्यांनी थांबावं, तेही उष्णतेनं लोळागोळा होतं.

उंबरठा
जोडकुंपणाचा मुद्दा बरोबर. पण मग पाडायचं कुणाचं? सामाईक कुंपणाचे पैसे कोण देणार यावरून आमच्या गल्लीत दोन घरं आधीच बोलत नाहीत. शिवाय आडोसा गेला की अंगणात बसायची सोय गेली.

कौलारू
आडोसा जात नाही हो, पत्र्याचा भरीव तुकडाही चालतो. भिंतीला भिडणारं फाटक आणि शेजारची एखाददुसरी फळी, एवढंच बदलायचं आहे. कॅलिफोर्नियात घराभोवतीच्या या 5 फुटांचा कायदा 2020 मध्ये झाला, पण नियम ठरवण्याचं घोंगडं भिजत पडलं. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसर जळाला तेव्हा घाई सुरू झाली.

उंबरठा
पाच फुटांपुरतं असेल आणि जुन्या कुंपणांना मुदत मिळणार असेल, तर विचार करू. सरसकट बंदीला माझं मत मिळणार नाही.

परसदार
जोडकुंपणाचं कलम घातल्याशिवाय माझंही नाही. रविवारच्या सभेत आधी तेच मांडतो.