तिसाव्या पानावर अडलेली पटकथा
पटकथेची पहिली ३० पानं झपाट्याने होतात, मग फाइल उघडवतच नाही, असं तुमचं होत असेल तर हा आळस नव्हे. बहुतेकदा मधले सीन ठरलेलेच नसतात. लिखाण थांबवा, ४०-५० कार्डं घ्या. प्रत्येकावर एकच ओळ: कुणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय. आडवं येणारं कुणी सापडत नसेल तर तो सीन बिनधास्त उडवा. मग रोज २ पानं. पटकथेच्या ठरलेल्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे ११० मिनिटांच्या सिनेमाला साधारण ११० पानं; अगदी पहिल्या पानापासून धरलं तरी रोज २ पानांनी हा खर्डा ५५ दिवसांत हातावेगळा होतो. उठताना सीन संपवू नका; संवाद अर्धवट सोडून खाली पुढची ओळ खरडून ठेवा. पहिली १० पानं घासत बसायचा मोह (सगळ्यांनाच होतो!) टाळा, दुरुस्त्या वेगळ्या वहीत टिपा.